सन आणि उंची आधी, विमान नंतर

आम्ही कॉम्प्युटरवर जुन्या, बहुतेक दुसऱ्या महायुद्धातल्या, लढाऊ विमानांच्या लढती खेळतो. नवा गडी आला की पहिल्या पाच मिनिटांत विचारतो, "आण्णा, ब्रिटिशांचं स्पिटफायर भारी की जर्मनांचं मेसरश्मिट?" मी उलट विचारतो, "कुठल्या महिन्यातलं?" त्याला वाटतं मी थट्टा करतोय.

थट्टा नाही. स्पिटफायर १९३८ साली स्क्वाड्रनमध्ये दाखल झालं आणि युद्ध संपेपर्यंत बदलत राहिलं. १९४१ च्या उत्तरार्धात फ्रान्सच्या किनाऱ्यावर जर्मनांचं फोके-वुल्फ १९० दिसायला लागलं, तेव्हा समोर होतं स्पिटफायर मार्क ५ (मार्क म्हणजे आवृत्ती). आडव्या वळणात मार्क ५ सरस. वेग, सूर, चढ, गिरकी (स्वतःभोवती कलणं) या बाकी सगळ्यात मागं. जुलै १९४२ मध्ये मार्क ९ आलं आणि पारडं पुन्हा सरळ झालं. म्हणजे तुम्ही मे १९४२ ची लढत लावली तर एक बाजू रडणार, आणि त्याच वर्षातल्या ऑगस्टची लावली तर बरोबरीत येणार. पाटीवरची नावं दोन्ही वेळा तीच.

जुन्या विमानांची लढत नेटवर किंवा चार मित्रांत लावायची असेल तर माझा क्रम असा: आधी सन आणि महिना, मग उंची, मग कुठल्या बाजूला काय काम, आणि शेवटी विमान. बहुतेक लोक शेवटापासून सुरुवात करतात आणि मग 'गेमच बेकार आहे' म्हणून शिव्या देतात. आमच्याकडच्या जत्रेत कुस्तीची जोड लावताना वस्ताद पैलवानाचं नाव बघत नाही, वजन आणि तयारी बघतो. विमानांचीही 'जोड'च लावायची असते, म्हणून आम्ही तोच शब्द वापरतो.

आम्ही म्हणजे कोण ते सांगतो. निपाणीत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. पूर्वी सायबर कॅफे होता. मोबाइल आले, कॅफे गेला, पण कॉम्प्युटर आणि लॅनच्या वायरी भिंतीला तशाच राहिल्या. दिवसा पहाणी उतारे आणि दाखल्यांचे फॉर्म, शनिवारी रात्री शटर अर्धं खाली आणि विमानं. चिकोडीचे एक कन्नड मास्तर येतात, कोगनोळीचा टोलनाका ओलांडून कागलचा एक टर्नर येतो, कॉलेजची दोन-तीन पोरं असतात. शिवाय मागच्या खुर्चीत आमचे मामा. वायुदलातून निवृत्त. स्टिकला (विमान चालवायच्या दांडीला) हात लावत नाहीत, पण चुका मोजतात.

खेळ कुठला घ्यावा

तुमचा कॉम्प्युटर काय झेपवतो त्यावर. जुनं मशीन असेल तर 'इल-२ स्टुर्मोविक: १९४६' घ्या. २००६ चा खेळ आहे, ग्राफिक्स कार्ड नावालाच असलं तरी चालतो, विमानं ढिगानं आहेत, आणि लॅनवर खेळायला इंटरनेटही लागत नाही. १९४० ची ब्रिटनची लढाईच हवी तर 'क्लिफ्स ऑफ डोव्हर'. मशीन बऱ्यापैकी असेल तर 'इल-२ ग्रेट बॅटल्स': स्टालिनग्राड, मॉस्को, कुबान, बोडेनप्लाटे, नॉर्मंडी असे भाग वेगवेगळे विकत मिळतात. 'डीसीएस' मध्ये विमानं मोजकी, पण एकेक बटण खरं. त्यात टीएफ-५१डी हे बिनबंदुकीचं अमेरिकन मस्टँग विमान फुकट मिळतं, उडायला शिकायला ते पुरेसं आहे.

'वॉर थंडर' पोरांना आवडतो, पण त्याच्या नेहमीच्या सामन्यात विमानं सनावरून एकत्र येत नाहीत, 'बॅटल रेटिंग' नावाच्या आकड्यावरून येतात. तो आकडा खेळाडूंच्या कामगिरीवरून ठरतो. त्यात मजा आहे, इतिहास नाही. सनाप्रमाणे जोड लावायची तर खेळात आपली वेगळी खोली आपण उघडायची किंवा तारखेप्रमाणे विमानं देणारा सर्व्हर शोधायचा.

जोड लावण्याआधी दोन आकडे

पहिला आकडा पंखावरच्या भाराचा. विमानाचं वजन भागिले पंखाचं क्षेत्रफळ. कमी भाराचं विमान साधारणपणे छोट्या वर्तुळात वळतं. स्पिटफायर मार्क १ चा पंख साडेबावीस चौरस मीटर, वजन २७०० किलोच्या आसपास, म्हणजे चौरस मीटरला सुमारे १२० किलो. मेसरश्मिट १०९ ई चा पंख सोळा-सव्वासोळा चौरस मीटरचा, वजन २५०० च्या वर, म्हणजे सुमारे १५५. जपान्यांचं झीरो १०७ च्या घरात, अमेरिकनांचं वाइल्डकॅट १५० च्या, आणि फोके-वुल्फ १९० थेट २१० च्या पुढं. एवढ्यावरच कळतं की कुणी कुणाबरोबर गोल गोल फिरायचं नाही.

दुसरा आकडा पोरांच्या डोक्यात उतरायला वेळ लागतो. उंची आणि वेग ही एकाच गोष्टीची दोन रूपं आहेत, एक देऊन दुसरं घेता येतं. ताशी ६०० किलोमीटरनं जाणाऱ्या विमानानं आपला सगळा वेग उंचीत घातला, हवेचा अडथळा धरला नाही, तर ते सुमारे १४०० मीटर वर चढेल. ताशी ४०० वालं चढेल फक्त ६३० मीटर. दोघं एकाच उंचीवर शेजारी दिसत असले तरी पहिला पाऊण किलोमीटरहून जास्त 'वर' आहे. म्हणून समोरच्याची उंची बघून गप्प बसू नका, तो किती जोरात येतोय तेही बघा. तीव्र वळण घेताना ही पुंजी भराभर खर्च होते. जास्त वळणारा आधी संपतो, मग त्याचं विमान कितीही वळणारं असो.

हे दोन आकडे आणि बंदुका किती सेकंद चालतात एवढं मी प्रत्येक जोडीसाठी वाया गेलेल्या झेरॉक्स कागदाच्या मागं लिहून मॉनिटरला चिकटवतो. बंदुकांचं गणित सोपं आहे. स्पिटफायर मार्क १ ला आठ मशीनगन, प्रत्येकी ३०० गोळ्या: सगळी मिळून पंधरा सेकंद. मेसरश्मिट १०९ ई-३ च्या पंखातल्या दोन २० मिलिमीटर तोफांना प्रत्येकी ६० गोळे: सात सेकंद. झीरोचंही तेच. सात सेकंद म्हणजे तीन-चार नीट मारलेल्या फैरी. पोरं पहिल्याच भेटीत लांबून ट्रिगर दाबून धरतात आणि मग उरलेली लढाई हवा खायला फिरतात.

१९४०: स्पिटफायर १ आणि मेसरश्मिट १०९ ई

शिकायला याच्याइतकी चांगली जोड नाही, कारण दोन्ही विमानं खरोखर तोलामोलाची आहेत आणि फरक मात्र स्पष्ट आहेत.

सगळ्यात मोठा फरक पेट्रोलचा. स्पिटफायरच्या मर्लिन इंजिनाला फ्लोट असलेला कार्बुरेटर होता. नाक झटक्यात खाली ढकललं की पेट्रोल वर उसळतं आणि इंजिन खोकतं. मेसरश्मिटच्या डाइमलर-बेंझ इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरात फवारलं जातं, त्याला काही फरक पडत नाही. म्हणून १०९ वाल्याची सुटका ठरलेली: मागं स्पिटफायर लागलं की स्टिक पुढं ढकल, सरळ खाली जा. स्पिटफायरवाल्यानं तसंच मागं जायचं नाही. आधी विमान उलटं करायचं, मग स्टिक ओढून खाली जायचं, म्हणजे इंजिन चालू राहतं. यात दोन सेकंद जातात आणि तेवढ्यात १०९ लांब जातं. १९४१ मध्ये बिअट्रिस शिलिंग या ब्रिटिश इंजिनिअर बाईंनी पेट्रोलच्या वाटेत बसवायची भोक असलेली एक साधी चकती काढली आणि हा त्रास बराच कमी झाला. आमच्या कागलच्या टर्नरला विमानांत विशेष रस नव्हता, पण ही चकतीची गोष्ट ऐकल्यापासून तो स्पिटफायरशिवाय दुसरं काही मागत नाही. चांगल्या सिम्युलेटरमध्ये हे खोकणं बरोबर दाखवलेलं असतं. तुमच्या खेळात नसेल तर १९४० ची जोड तिथं लावू नका, अर्धा जीव गेला.

स्पिटफायर घेतलं असेल तर मध्यम वेगात राहा आणि शत्रूला आडव्या वळणात ओढा. १०९ घेतलं असेल तर वरून एक झडप घ्या, लागो न लागो, सरळ निघून वर चढा आणि मग परत वळा. एक गोष्ट मात्र दोघांनाही: बंदुका कुठं एकवटतात ते अंतर आधी ठरवा. पंखातल्या बंदुका किंचित आत वळवलेल्या असतात आणि ठरलेल्या अंतरावरच त्यांचा मारा एका जागी पडतो. २०० ते २५० मीटर ठेवा, आणि त्याच अंतरावरून मारा. शत्रूचे पंख निशाण्याच्या वर्तुळाबाहेर गेले की मग बोट हलवा.

पण ही जोड नुसती हवेत सोडून दिली तर दर वेळी १०९ जिंकतं, कारण वर बसून राहायला त्याला कुणी अडवत नाही. इथंच इतिहास कामाला येतो. सप्टेंबर १९४० मध्ये लंडनवर पोचलेल्या १०९ कडे लढायला जेमतेम दहा मिनिटांचं पेट्रोल उरायचं, आणि त्याला बॉम्बरांना चिकटून राहायचा हुकूम होता. तेव्हा तुमच्या मिशनमध्ये चार-सहा हाइंकेल १११ बॉम्बर कॉम्प्युटरच्या हातात देऊन सोडा. १०९ वाल्यांचं पेट्रोल एवढंच भरा की लक्ष्यावर दहा मिनिटं मिळतील. आमची गुणपद्धत अशी आहे: बॉम्बर पाडला किंवा वाचवला तर ३, लढाऊ विमान पाडलं तर १, धडधाकट परत उतरलं तर २. हे केल्यावर दोन्ही बाजू बरोबरीत येतात, विमानाचा एक स्क्रूही न बदलता.

१९४२: मार्क ५ आणि फोके-वुल्फ १९०

ही जोड मुद्दाम विषम आहे आणि म्हणूनच लावावी. फोके-वुल्फचं बळ गिरकीत: डावीकडं कललेलं विमान डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच उजवीकडं कललेलं असतं. मार्क ५ वाला त्याच्या मागं वळण घ्यायला कलतो तोवर ते दुसऱ्या बाजूला गेलेलं. त्याचं आवडतं निसटणं म्हणजे अर्धी गिरकी आणि खाली सूर.

ब्रिटिशांना हे कोडं उलगडलं ते नशिबानं. २३ जून १९४२ ला आर्मिन फाबर हा जर्मन वैमानिक दिशा चुकला. ब्रिस्टलच्या खाडीला इंग्लिश चॅनल समजून तो वेल्समधल्या पेम्ब्रेच्या धावपट्टीवर आपलं नवंकोरं फोके-वुल्फ उतरवून बसला. त्याच्या चाचण्या झाल्या आणि मार्क ५ च्या वैमानिकांना मिळालेला सल्ला आजही सिम्युलेटरमध्ये शब्दशः लागू आहे: शत्रूच्या भागात हळू उडू नका. पेट्रोल वाचवायला आरामात फिरत असताना गाठ पडली तर वेग पकडेपर्यंत खेळ संपलेला असतो.

नवशिक्याला मी या जोडीत फोके-वुल्फ देतो. जिंकायला म्हणून नव्हे. त्यात एकच लिव्हर पुढं ढकलला की पंख्याचा कोन, पेट्रोल-हवेचं मिश्रण वगैरे इंजिनाची यंत्रणा आपली आपण सांभाळते. स्पिटफायरमध्ये पंख्याचे फेरे वेगळे सांभाळायचे. रशियन याक-१ मध्ये तर फेरे, मिश्रण, पाण्याचं आणि तेलाचं रेडिएटर, सगळं हातानं. पहिल्या दिवशी एवढं दिलं की पोरगं इंजिन जाळून घरी जातं.

झीरो, वाइल्डकॅट आणि दोघांची वीण

झीरोबरोबर वळायचं नाही हे आता सगळ्यांना पाठ आहे. तरीही वळतात. मागं लागलं की हात आपोआप स्टिक ओढतो.

"आण्णा, मागं लागलंय, सुटंना!"

"वळू नको. नाक खाली घाल."

"खाली समुद्र आहे की!"

"आधीच सांगितलेलं, चार हजारांच्या खाली फिरू नको म्हणून."

झीरोची दुखरी नस वेग. ताशी साडेतीनशे-चारशे किलोमीटरच्या पुढं त्याचे एलेरॉन (विमान डावी-उजवीकडं कलवणारे पंखावरचे पट्टे) जड होत जातात, आणि जोरात असताना ते उजवीकडं कलायला डावीकडच्यापेक्षा जास्त कुरकुरतं. हे अमेरिकनांना कळलं एका पडलेल्या विमानामुळं. ४ जून १९४२ ला तादायोशी कोगा या वैमानिकाचं झीरो अलास्काजवळच्या अकुतान बेटावर दलदलीत उलटलं. जुलैत ते सापडलं, सॅन दिएगोला नेऊन दुरुस्त केलं आणि सप्टेंबरात उडवलं. तेव्हा वाइल्डकॅटमध्ये असाल तर: सूर मारा, वेग वाढू द्या, मग उजवीकडं जोरात कला. झीरो तिथं साथ सोडतं. त्याच्या टाक्यांना आपोआप भोक बुजवणारं अस्तर नाही, वैमानिकाच्या पाठीमागं चिलखत नाही. तुमच्या सहा जाड मशीनगनची एक छोटी फैर पुरते. वाइल्डकॅट तेवढ्यानं पडत नाही.

उंची नसेल तेव्हा काय? तेव्हा 'थॅच वीण'. अमेरिकन नौदलाचा जॉन थॅच यानं १९४१ मध्ये जेवणाच्या टेबलावर काड्यापेटीतल्या काड्या मांडून ही युक्ती शोधली आणि जून १९४२ मध्ये मिडवेच्या लढाईत वापरली. मी पण पोरांना काड्यांनीच शिकवतो. दोन काड्या शेजारी शेजारी ठेवा, मधे एका वळणाच्या रुंदीएवढं अंतर. दोघं सरळ उडतायत. प्रत्येकानं आपल्या मागं नव्हे, दुसऱ्याच्या मागं बघायचं. हा सगळ्यात अवघड भाग, कारण प्रत्येकाची मान स्वतःच्या शेपटीकडं वळते. आता तिसरी काडी, झीरो, डावीकडच्याच्या मागं आली. उजवीकडच्याला ती दिसली की त्यानं काही न बोलता डावीकडच्याच्या दिशेनं जोरात वळायचं. त्याचं वळणं हाच इशारा. डावीकडचा लगेच उजवीकडं, त्याच्या अंगावर वळतो. दोघं एकमेकांना ओलांडून जातात आणि पाठलाग करणारं झीरो उजवीकडच्याच्या नाकासमोर येतं. झीरोवाल्याला दोनच पर्याय: पाठलाग सोडायचा किंवा समोरून गोळ्या खायच्या. ओलांडून गेल्यावर दोघं पुन्हा सरळ, पुन्हा तेवढंच अंतर, आणि गरज पडली की पुन्हा तेच.

ओलांडताना कोण वरून आणि कोण खालून जाणार हे जमिनीवर ठरवा. आम्ही ठरवलंय: डावीकडचा नेहमी वर. ठरवलं नाही तर दोघं मित्र मध्यभागी एकमेकांवर आदळतात आणि झीरोवाला हसत घरी जातो. या युक्तीची सगळ्यात चांगली बाजू म्हणजे बोलावं लागत नाही. माइक बंद पडला, नेट अडखळलं, तरी चालतं.

पूर्वेकडची आघाडी थोडक्यात

याक-१ आणि मेसरश्मिट १०९ एफ-४ ची जोड उंचीवर ठरते. याकचं पीएफ जातीचं इंजिन खालच्या हवेसाठी जुळवलेलं, चार हजार मीटरच्या वर १०९ त्याला हसतं. रशियन खाली लढले, कारण त्यांचं काम खाली होतं: सैन्यावरून उडणारी इल-२ विमानं राखायची. तेव्हा लक्ष्य जमिनीवर ठेवा, रणगाड्यांचा ताफा ठेवा, म्हणजे १०९ ला खाली यावंच लागतं. नुसता 'कोण कोणाला पाडतो' सामना लावला तर जर्मन बाजू सहा हजारांवर जाऊन बसते, रशियन बाजू खाली वाट बघत राहते आणि मास्तर मोबाइल बघायला लागतात.

मस्टँगबद्दल एकच सांगतो. पेट्रोल पूर्ण भरू नका. पंखातल्या दोन टाक्यांत ९२-९२ गॅलन आणि वैमानिकाच्या पाठीमागच्या टाकीत ८५. मागची भरलेली असली की वजन मागं सरकतं आणि जोरात वळताना विमान हातातून निसटतं. खऱ्या वैमानिकांनीही ती टाकी आधी रिकामी केली. २६९ पैकी १८४ गॅलन म्हणजे ६८ टक्के. त्याच्या वर जायचं कारण आपल्या छोट्या मिशनमध्ये तरी नाही.

इंफाळ, आपल्या माणसांसाठी

सर्व्हरवर ही जोड फारशी दिसत नाही, पण माझी सगळ्यात आवडती. मार्च १९४४, इंफाळच्या ईशान्येला सांगशाक. तिथं पॅराशूट ब्रिगेडबरोबर मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटण जपान्यांशी लढली. मराठ्यांचं रेजिमेंटल सेंटर बेळगावात. आपल्या भागात पलटणीत कुणी नाही असं गाव सापडणं अवघड. वेढ्यात रसद विमानातूनच येत होती आणि बरीचशी जपान्यांच्या हाती पडत होती. त्याच काळात इंफाळला भारतीय वायुदलाची पहिली स्क्वाड्रन हरिकेन घेऊन होती, प्रमुख अर्जन सिंग.

मिशन असं बांधा. डोंगराळ नकाशा, दुपारचे ढग. कॉम्प्युटरच्या हातात चार डाकोटा मालवाहू विमानं, एका दरीत माल टाकायला. एका बाजूला हरिकेन मार्क २सी, दुसरीकडं जपानी की-४३. की-४३ हलकं, झीरोपेक्षाही चपळ, पण दोनच मशीनगन. हरिकेनला चार तोफा, पण जड. हरिकेननं एक झडप घ्यायची आणि डाकोटांकडं परत यायचं. वळायला गेला की संपला. की-४३ वाल्यांना डाकोटा गाठण्यासाठी वीस मिनिटं द्या, जास्त नाही. गुण फक्त डाकोटांवर ठेवा, विमानं पाडण्यावर शून्य. हे एकदा लावून बघा. एरवी एकेकटा भटकणारा गडीसुद्धा आपोआप सोबत उडायला लागतो.

जेट, आणि मामांचं नॅट

कोरियाच्या युद्धातली जोड, रशियन मिग-१५ आणि अमेरिकन एफ-८६ सेबर, 'डीसीएस' मध्ये दोन्ही आहेत. मिग चांगलं चढतं, जास्त उंच जातं. तोफा मोठ्या, एक ३७ आणि दोन २३ मिलिमीटरच्या. पण त्या बी-२९ सारखे बॉम्बर पाडायला बसवलेल्या. दोन्ही जातींच्या तोफांचे गोळे वेगवेगळ्या वाटेनं जातात, तेव्हा मिगनं फारच जवळून मारायचं. सेबरला रडारचा निशाणा, आणि ध्वनीच्या वेगाजवळही शेपूट कामात राहतं. मिगला मात्र ०.९२ माखच्या (ध्वनीच्या वेगाच्या ०.९२ पट) आसपास हवेतले ब्रेक आपोआप उघडतात. म्हणून सेबरनं खाली ओढायचं, मिगनं वर. बाकी सरावाचा भाग.

जेट लावलं की मामा हमखास नॅट या आपल्या वायुदलाच्या छोट्या लढाऊ जेटवर येतात. २२ नोव्हेंबर १९७१ ला पूर्व पाकिस्तानच्या सीमेवरच्या बोयराच्या आकाशात २२ व्या स्क्वाड्रनच्या चार नॅटनी पाकिस्तानी सेबरांवर झडप घातली. मॅसी, गणपती, लाझारस ही नावं मामा घरातल्या माणसांसारखी घेतात. त्यांचं म्हणणं एकच: "ते एवढंसं विमान. दिसायचंच नाही. दिसलं नाही तर मारणार कोणाला?" त्यांच्यामुळंच आमच्याकडं विमानांवरची नावं आणि अंतराचे आकडे दाखवणारी लेबलं बंद असतात. लेबल चालू ठेवली की छोटं विमान आणि मोठं विमान सारखंच लांबून कळतं, सूर्याकडून येण्याला अर्थ उरत नाही, ढगाला अर्थ उरत नाही. नव्यांसाठी हवं तर पहिले दोन आठवडे फक्त आपल्या बाजूची लेबलं चालू ठेवा.

बसण्याआधी

स्टिक महागडी नको, पण फिरवायची दांडी थरथरते का ते बघा. निपाणीत तंबाखूचा बारीक धुरळा सगळीकडं शिरतो आणि स्वस्त स्टिकमधला पोटेन्शिओमीटर (दांडीची हालचाल मोजणारा भाग) वर्षभरात नाचायला लागतो. खेळाच्या सेटिंगमध्ये मधला मृत भाग (जिथं दांडी हलली तरी विमान हलत नाही) थोडा वाढवा, नाहीतर निशाणा लावताना नाक आपलं आपण डुलतं. पावसाळ्यात वीज जाते हे धरून चालायचं. यूपीएस मुख्य कॉम्प्युटरला आणि राउटरला लावा, मॉनिटरला नंतर. बाहेरच्या सर्व्हरवर गेलात तर युरोपपर्यंत पिंग, म्हणजे संदेश जाऊन परत यायला लागणारा वेळ, बराच असतो. आडव्या जाणाऱ्या विमानावर नेम धरण्यात अर्थ नाही, थेट मागून, जवळून मारा.

बोलण्याचे नियम घाला. आधी ज्याला सांगायचं त्याचं नाव, मग घड्याळाप्रमाणे दिशा, मग वर की खाली: "टर्नर, सहावर, वर." एवढंच. आमच्याकडं आकडे कन्नडमध्ये की मराठीत यावरून सुरुवातीला गोंधळ व्हायचा. मास्तरांनी मराठी आकडे आणि आम्ही मास्तरांचा चहा, असा करार झालाय. पडलेल्या माणसानं माइक बंद करायचा. 'मला कुणी मारलं' ही चौकशी उतरल्यावर.

प्रत्येक जोड दोनदा खेळा, दुसऱ्या वेळी बाजू बदलून, तेच मिशन, तेवढंच पेट्रोल. मध्ये दहा मिनिटं रेकॉर्डिंग बघा, आणि बघताना फक्त पहिली गाठ बघा: कोण किती उंचीवर होता, किती वेगात होता, आधी कुणी कुणाला पाहिलं. पुढचं सगळं बहुतेक तिथंच ठरलेलं दिसतं. रेकॉर्डिंगला नाव देताना तारीख, जोड आणि उंची घाला. 'नवीन१', 'नवीन२' अशी नावं ठेवली की नंतर कुणालाच काही सापडत नाही.